बादलसाठी गाडी पाहताना

इंग्लंडच्या मिडलँड्स भागात मी जुन्या गाड्यांची खरेदीपूर्व तपासणी करतो. विकणारा व्यापारी असो वा घरगुती मालक, माझे पैसे गाडी विकत घेणाऱ्याने दिलेले असतात, आणि गाडीखाली शिरून, संगणक जोडून, रस्त्यावर चालवून जे दिसेल ते त्याला लेखी कळवणे एवढेच माझे काम असते. कुत्री पाळणारे गिऱ्हाईक मला वरचेवर भेटते, कारण या देशात लांब डिकीची इस्टेट गाडी आणि कुत्रा ही जोडी फार जुनी आहे. तरीही मागच्या वसंतातला एक शनिवार माझ्या लक्षात राहिला आहे, कारण मीटरवरच्या आकड्यावरून गाडी पारखणे किती धोक्याचे असते, हे त्या एका दिवसात फार स्पष्टपणे समोर आले.

गिऱ्हाईक मराठी होते. काका मूळ नाशिकचे, सरकारी आरोग्यसेवेतून निवृत्त झालेले डॉक्टर. काकू शाळेत गणित शिकवत असत. डर्बीजवळच्या त्यांच्या घरी बादल नावाचा नऊ वर्षांचा जर्मन शेफर्ड आणि ढमी नावाची एक लहान स्पॅनियल होती. बादलला मागच्या पायांचा त्रास सुरू झाला होता. या जातीत खुब्याच्या सांध्याचे दुखणे नेहमीचेच असते. त्यांच्या जुन्या उंच एसयूव्हीत त्याला चढवता येईना, म्हणून त्यांना दहा हजार पौंडांच्या आत ऑटोमॅटिक, डिझेल इस्टेट हवी होती. काकांनी डिकीची क्षमता किती लिटर आणि गाडी चालली किती मैल, असा व्यवस्थित तक्ता केला होता आणि त्यातून निवडलेल्या तीन गाड्या एकाच दिवशी पाहायचे ठरले होते.

मी फोनवर पहिला प्रश्न गाडीचा विचारलाच नाही. "काका, आधी तुम्ही आठवडाभरात कुठे कुठे जाता ते सांगा," असे म्हणालो. डिझेल घ्यावे की नाही, हे माझ्या मते गाडी पाहून ठरत नाही. मालकाच्या रोजच्या रस्त्यावरून ठरते. उत्तर काकूंनी दिले आणि ते नेमके होते. रोज सकाळी कालव्यापर्यंत फिरायला नेण्याचे दोन मैल त्या आपल्या छोट्या पेट्रोल गाडीने करत आणि ती गाडी ठेवणारच होत्या. नवी गाडी शनिवार-रविवारी पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत, एक आठवडा आड मुलीकडे बर्मिंगहॅमला आणि अधूनमधून ए५० व ए५५ हे महामार्ग धरून वेल्सच्या किनाऱ्यावर जाण्यासाठी हवी होती. हे ऐकून डिझेल योग्य आहे असे मी मनापासून सांगू शकलो. दोन मैलांची रोजची फेरीही याच गाडीने होणार असती, तर मी त्यांना पेट्रोलकडे वळवले असते.

बर्मिंगहॅमच्या उल्लेखामुळे तक्त्यातली एक गाडी मात्र आधीच गळली. काकांचा जीव २०१२ सालच्या पाच सिलिंडरच्या व्होल्वो व्ही७० वर होता, आणि गाडी खरोखरच भक्कम असते. पण ती धुराच्या प्रदूषणाच्या जुन्या, युरो ५ मानकाची. बर्मिंगहॅमच्या मध्यवर्ती भागात १ जून २०२१ पासून स्वच्छ हवा क्षेत्र लागू आहे आणि युरो ६ मानक न पाळणाऱ्या डिझेल गाडीला तिथे दिवसाला ८ पौंड मोजावे लागतात. मुलगी राहते नेमकी त्याच भागात. नव्या विकल्या जाणाऱ्या सर्व गाड्यांना युरो ६ सक्तीचे झाले सप्टेंबर २०१५ पासून, त्यामुळे आमची निवड त्यानंतरच्या गाड्यांपुरती मर्यादित झाली, आणि व्होल्वोच्या जागी काकांनी जास्त चाललेली म्हणून मागे टाकलेली एक स्कोडा सुपर्ब मी यादीत घ्यायला लावली.

पहिली गाडी एका व्यापाऱ्याच्या अंगणात होती. धुऊन-पुसून लख्ख केलेली, आत सुगंधी फवारा मारलेली. पण डिकी उघडताच त्या सुवासाखालून ओला, कोंदट वास आलाच. विक्रेता म्हणाला की आधीच्या मालकाकडे कुत्रा होता. काकूंना ते पटलेही, कारण त्यांच्या घरात तो वास रोजचाच. मला तो कुत्र्याचा वाटला नाही. मी मागच्या काचेचे पाणी सोडणारे बटण दाबून ठेवले. काचेवर थेंबही आला नाही, पण मागच्या दाराच्या आतल्या अस्तरामागे बारीक टपटप ऐकू येऊ लागली. काचेला पाणी नेणारी नळी छपराकडून मागच्या दारात शिरते तिथे दार उघडझाप करून तिला ताण बसतो, आणि ती सुटली किंवा चिरली की पाणी खांबांतून उतरून तळाशी जाते. गालिचा उचलून स्टेपनीचा खड्डा पाहिला तर त्यात बोटभर पाणी साचले होते आणि शेजारच्या वायरींच्या जोडणीवर हिरवट थर चढला होता. नळी स्वस्त असते. पण भिजलेल्या जोडण्यांचे दुखणे पुढे वर्षभर एकेक करून बाहेर पडते. कुत्र्यासाठी इस्टेट पाहणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की डिकीचा वास नाकाने घेऊन थांबू नका, गालिचा उचलून हात घाला. व्यापाऱ्याने किंमत उतरवायची तयारी दाखवली, पण आम्ही ती गाडी सोडली.

दुसरी गाडी काकांच्या तक्त्यात सर्वांत वर होती. २०१६ ची, एकाच मालकिणीची, जेमतेम ३८,००० मैल चाललेली, आणि वयाच्या मानाने अगदी कोरी. तिचे नाव मी देत नाही, कारण जो दोष निघाला तो बनावटीचा नव्हता. मालकीण सत्तरीतल्या बाई होत्या. कागदपत्रे फायलीत लावलेली, दरवर्षीची सर्व्हिस वेळेवर. या देशात कोणत्याही गाडीचा क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकला की तिच्या वार्षिक एमओटी तपासणीचा सारा इतिहास मोफत दिसतो, प्रत्येक वेळचे मैलही दिसतात. तो इतिहासही स्वच्छ होता. बाई सहज म्हणाल्या की त्या बाजारहाट आणि देवळापलीकडच्या मैदानापर्यंत कुत्र्याला नेणे, यापलीकडे गाडी काढतच नाहीत. काकांचा चेहरा उजळला. मला मात्र काळजी वाटू लागली.

आजच्या डिझेल गाडीच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी एक गाळणी असते. तिला सगळे डीपीएफ म्हणतात. अडवलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअसचे तापमान लागते आणि गावातल्या संथ फेरीत धूर तेवढा तापत नाही. म्हणून इंजिनाचा संगणक ठरावीक प्रमाणात काजळी साचली की सिलिंडरात थोडे डिझेल उशिरा, म्हणजे स्फोटानंतर सोडतो आणि त्या उष्णतेने गाळणी स्वच्छ करू पाहतो. याला सलग दहा ते वीस मिनिटे गाडी चालती असावी लागते. घर आले आणि इंजिन बंद केले की काम अर्धवट राहते, पुढच्या फेरीत पुन्हा सुरू होते, पुन्हा अर्धवट राहते. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळून इंजिनाच्या ऑइलमध्ये मिसळते. बाहेरून यातले काहीच दिसत नाही.

मी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची काडी, काढली. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही बोटभर वर होती. ऑइल बोटांत चोळले तर ते पातळ, जवळजवळ पाणचट लागले, आणि नाकाशी नेल्यावर डिझेलचा वास स्पष्ट आला. काडी मी काकांच्या हातात दिली. त्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला आणि म्हणाले, "अरे, पण मोटार चाललीच नाही ना!" मी म्हटले, "काका, चालली नाही म्हणूनच हे झालं." मग संगणक जोडून गाळणीचे आकडे त्यांना दाखवले. मोटरवेवर चालणाऱ्या निरोगी गाडीत काजळी जाळण्याची पाळी दोनशे-तीनशे मैलांनी येते. इथे ती पन्नास मैलही तग धरत नव्हती, आणि मागचे बरेच प्रयत्न मध्येच तुटल्याची नोंद होती. त्यातच, काजळी जळून जाते पण ऑइलमधल्या रसायनांची राख गाळणीत कायमची साचते. ती जळून जात नाही, त्यासाठी गाळणी काढून धुवावी किंवा बदलावी लागते. गाळणी फोडून रिकामी करून घेण्याचा सल्ला देणारे महाभाग भेटतात, पण फेब्रुवारी २०१४ पासून मूळची गाळणी काढलेली आढळली की गाडी एमओटीत नापास होते, आणि तो प्रकार मला नीतीच्या दृष्टीनेही मान्य नाही.

बाईंनी काहीही लपवले नव्हते. त्यांना मी बाजूला घेऊन शांतपणे सगळे सांगितले: आधी ऑइल आणि त्याचा फिल्टर बदला, तोवर गाडी जोरात पळवू नका, कारण पातळ झालेले ऑइल टर्बोला पुरे पडत नाही, मग कार्यशाळेत गाळणी तपासून घ्या आणि त्यानंतर विकायला काढा. त्यांना वाईट वाटले, पण त्यांनी सगळे कागदावर लिहून घेतले.

तिसरी गाडी म्हणजे ती सुपर्ब. २०१७ ची, दोन लिटर डिझेल, १५० अश्वशक्ती, स्वयंचलित डीएसजी गिअरबॉक्स, आणि मीटरवर १,०४,००० मैल. मालक उत्तरेकडे कामानिमित्त रोज जाणारा गृहस्थ होता. त्याच्याकडे पावत्यांचा गठ्ठा होता. टायमिंग बेल्ट पाण्याच्या पंपासह बदललेला होता; हा बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून इंजिनच निकामी होते, त्यामुळे पावती पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. या गिअरबॉक्सचे ऑइल दर ४०,००० मैलांनी बदलायचे असते आणि ते दोनदा बदलल्याच्या पावत्या होत्या. डिपस्टिकवर ऑइल काळे पण दाट आणि योग्य पातळीला होते. गाळणी मागच्या वेळी जळून पूर्ण स्वच्छ झाल्याला बरेच मैल लोटले होते आणि काजळी अजून निम्मीही साचलेली नव्हती. दोष होते: पुढच्या डाव्या शॉकअब्सॉर्बरला तेलाचा पाझर, मागची ब्रेक डिस्क गंजलेली, चालकाच्या सीटची कड झिजलेली. ते सगळे मी खर्चासकट लिहिले आणि त्यावर घासाघीस झाली.

आरामाचा विचार लोक पुढच्या सीटपुरताच करतात. कुत्रा बसतो मागच्या चाकांच्या वर आणि थोडा मागे, म्हणजे जिथे प्रत्येक खड्डा सर्वांत जोरात लागतो. म्हणून मी काकांना गाडी चालवायला दिली आणि स्वतः मागच्या बाकावर बसलो. या गाडीला मागे दोन्ही चाके स्वतंत्रपणे सांभाळणारे सस्पेन्शन आहे, आणि चाके १७ इंचांची, टायर जाड होते; गावच्या वेगरोधकांवरून जाताना धक्का बोथट होऊन येत होता. हीच गाडी १९ इंची दिखाऊ चाकांवर असती तर दुखऱ्या खुब्याच्या कुत्र्यासाठी मी ती सुचवली नसती.

परत आल्यावर बादलला आणले. डिकी ६६० लिटरची आहे, पण लिटर हे माप पेट्या भरण्याचे आहे, जनावर बसवण्याचे नाही. जर्मन शेफर्ड नर खांद्याशी ६० ते ६५ सेंटिमीटर उंच असतो. मान पूर्ण वर करून तो उभा राहील एवढी उंची बहुतेक इस्टेटमध्ये नसतेच, आणि मागची काच जितकी तिरकी तितकी त्याची जागा कमी होते. खरे पाहायचे ते असे की त्याला वळता येते का, अंग पसरून आडवे होता येते का आणि डिकीचा काठ जमिनीपासून किती उंच आहे. आधीच्या मालकाने दुहेरी तळ बसवून घेतला होता, त्यामुळे काठ आणि तळ एकाच पातळीवर येत होते. पाय अडकायला पायरी नव्हती. बादलने पुढचे पाय वर ठेवले आणि थांबला. काकांनी कमरेखाली हात देऊन त्याला उचलले. आत तो एकदा गोल वळला, मागच्या सीटला पाठ टेकवून लांब झाला, आणि ढमीला त्याच्या पोटाशी जागा उरली. जुन्या एसयूव्हीत एवढ्यासाठी दोघांना मिळून उचलावे लागे, असे काकू म्हणाल्या.

गाडीवर कर्ज शिल्लक नाही आणि लॉगबुकातला, म्हणजे नोंदणीच्या कागदातला, चासीचा क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळतो, याची खात्री करून व्यवहार झाला. काका कुत्र्यांना तसेच मागे बसवून घरी न्यायला निघाले होते, तेव्हा मी त्यांना अडवले. इथल्या हायवे कोडचा, म्हणजे वाहतुकीच्या नियमावलीचा, ५७ वा नियम सांगतो की गाडीतले कुत्रे पट्टा, पिंजरा किंवा जाळी यांपैकी कशाने तरी नीट बांधलेले अथवा अडवलेले असावे. बादलचे वजन ३५ किलो. ताशी ४० मैलांच्या वेगात जोरात ब्रेक लागला तर तो मागच्या सीटवरून थेट पुढे येईल, आणि त्या सीटच्या पाठीमागे त्या वेळी फक्त गालिच्याचे झाकण होते. काकूंनी लगेच निकाल दिला: "जाळी बसेपर्यंत ही दोघं माझ्याच गाडीतून येतील." त्यांच्या छोट्या गाडीत पट्टे होतेच. काकांनी रिकामी सुपर्ब ए३८ ने घरी नेली, आणि पुढच्या आठवड्यात त्या मॉडेलच्या मापाची, सीटमागच्या मूळ खुंट्यांना अडकणारी लोखंडी जाळी आणि बादलसाठी घडी होणारी चढायची फळी मी स्वतः बसवून दिली.