निंगालूचा किनारा: कॅरॅव्हॅन, भरतीचा तक्ता आणि आम्ही दोघं

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निंगालूच्या किनाऱ्यावरचं एक्समाउथ साधारण १२५० किलोमीटर. विमानाने गेलं तर दोन तासांचं काम, आणि पर्थमधली आपली बरीच मंडळी तेच करतात: एक्समाउथजवळच्या लर्मंथ विमानतळावर उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची, व्हेल शार्क या अवाढव्य माशांची एक बोट ट्रिप करायची आणि परत. आम्ही दोघांनी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागचं चाकांवरचं घर, ओढत नेली. कारण निंगालूची मजा बोटीवर अवलंबून नाही. जवळपास २६० किलोमीटर लांबीचं हे प्रवाळ किनाऱ्याला इतकं लगटून आहे की बऱ्याच ठिकाणी गाडी लावायची, वाळू तुडवायची, पायात फिन्स (पोहायचे लांब पंख) चढवायच्या आणि सरळ पोहत शिरायचं. अट एकच. भरती, वारा आणि पाण्याची ओढ या तिन्ही गोष्टी जुळल्या की लगेच पाण्यात उतरता आलं पाहिजे, आणि त्यासाठी मुक्काम किनाऱ्यावरच हवा.

हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. उन्हाळ्यात, म्हणजे इथे डिसेंबर ते फेब्रुवारी, पारा चाळिशीपार जातो, शिवाय चक्रीवादळांची धास्ती. व्हेल शार्क बघायचे असतील तर मार्च ते जुलै. आम्ही ऑगस्टअखेरीस गेलो, म्हणजे ते हुकले, पण हंपबॅक देवमासे किनाऱ्यावरून चहा पिता पिता दिसत होते. पाणी मात्र गार. पातळ का होईना, वेटसूट घ्याच. नाहीतर वीस मिनिटांत दात वाजायला लागतात आणि खरं बघण्यासारखं तर त्यानंतरच सुरू होतं.

रस्ता सरळसोट आणि कंटाळवाणा आहे, उगाच त्याचं कौतुक करणार नाही. जेराल्डटन सोडलं की वस्ती विरळ होते, आणि मग एका रोडहाउसपासून (पेट्रोलपंप आणि खानावळ एकत्र) दुसऱ्यापर्यंतचा हिशेब. डिझेल अर्ध्यावर आलं की भरायचं, पुढे स्वस्त मिळेल या आशेवर राहायचं नाही. रोड ट्रेन म्हणजे तीन-तीन ट्रेलर जोडलेले, पन्नास मीटरहून लांब ट्रक. समोरून आला की हवेचा धक्का बसून कॅरॅव्हॅन हलते, तेव्हा स्टिअरिंग घट्ट धरा आणि वेग आधीच कमी ठेवा. यूएचएफ रेडिओ चॅनल ४० वर लावून ठेवला की मागचा ट्रकवाला ओव्हरटेक करताना आपल्याशी बोलतो. सूर्य मावळायच्या आत थांबायचं, यावर आमच्याकडे चर्चाच नव्हती. संधिप्रकाशात कांगारू, एमू आणि मोकाट गुरं सगळी रस्त्यावर येतात. आणि वारा! हा किनारा दक्षिणेच्या वाऱ्याचा. जाताना तो पाठीशी असतो म्हणून कळत नाही, परतताना तोंडावर येतो आणि डिझेलचा आकडा बघून नवरा गप्प होतो. बजेट करताना परतीचा खर्च जास्त धरा.

रेडिओवरून आठवलं. कॅरॅव्हॅन जागेवर मागे घेणं ही संसाराची जाहीर परीक्षा असते, आणि आजूबाजूचे सगळे निवृत्त आजी-आजोबा खुर्च्या टाकून ती बघत बसतात. मागे उभं राहून हातवारे करू नका. दोन छोटे वॉकीटॉकी घ्या आणि हळू आवाजात बोला.

कार्नार्व्हनला एक रात्र तरी काढा. इथली गॅस्कॉइन नदी वर्षातला बराच काळ वरून कोरडी वाळू दिसते आणि पाणी खालून वाहतं. त्याच पाण्यावर केळीच्या बागा उभ्या आहेत. केळी आकाराने लहान, गोडीला जास्त. टोमॅटो, ढोबळी मिरची, मिळेल ती भाजी इथूनच भरा, पुढे सगळं महाग. पूर्वेकडच्या राज्यांतून येणाऱ्यांसाठी: पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर फळं, भाज्या आणि मध काढून घेतात, तेव्हा खरेदी सीमा ओलांडल्यावरच करा.

पहिला समुद्रमुक्काम वारूरा किनाऱ्यावर केला, कोरल बेच्या दक्षिणेला. इथे वीज नाही, पाणी नाही, कचराकुंडी नाही, आणि स्वतःचं केमिकल टॉयलेट सोबत असल्याशिवाय राहता येत नाही. हायवेवरून आत येणारा कच्चा रस्ता खडखडा वाजतो. टायरची हवा कमी करा, कपाटांच्या दारांना पट्ट्या मारा, डाळीच्या बरण्या सिंकमध्ये ठेवा. चाक मऊ वाळूत घालण्याआधी पायी जाऊन जागा बघून या. त्या बदल्यात मिळतं ते असं की शेजारचा कॅम्प लांबवर एका पांढऱ्या ठिपक्याएवढा असतो.

कोरल बेबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. गाव गोड आहे, समुद्र उथळ, मुलांना उत्तम, आणि न पोहणाऱ्यांसाठी काचेच्या तळाची बोट आहे. पण २०२२ च्या मार्चमध्ये गावाला लागून असलेल्या बिल्स बेमध्ये प्रवाळांची अंडी पाण्यावर साचून राहिली, वारा पडलेला होता, ती कुजली आणि पाण्यातला प्राणवायू संपला. हजारो मासे मेले, प्रवाळही मोठ्या प्रमाणात गेलं. त्यात २०२५ च्या उन्हाळ्यात समुद्र तापून निंगालूवर बऱ्याच ठिकाणी प्रवाळ पांढरं पडलं. जुने फोटो बघून रंगीत बागेची अपेक्षा धरून येऊ नका. राखाडी सांगाडे दिसतील, मधूनच जिवंत जांभळा-पिवळा तुकडा दिसेल. मासे मात्र भरपूर आहेत.

आमचा जास्त मुक्काम केप रेंज नॅशनल पार्कमध्ये होता, ऑस्प्रे बेला. या कॅम्पच्या जागा सरकारी पार्कस्टे साइटवर १८० दिवस आधी खुल्या होतात आणि सुट्ट्यांच्या काळातल्या काही मिनिटांत संपतात. तारीख कॅलेंडरवर लावून ठेवा. मिळालं नाही तर रोज सकाळी बघत राहा, लोक रद्द करत असतात. टॉयलेट आहे, पिण्याचं पाणी, वीज, शेकोटी, कुत्रा यातलं काही नाही. मोबाइलची रेंज पार्कच्या वाटेवरचं दीपगृह मागे पडलं की गेलीच, म्हणून नकाशे आधी उतरवून घ्या. पाणी एक्समाउथहून भरून न्या. माणशी दिवसाला दहा लिटर धरलं तर आरामात भागतं. एका कुकरात होणारी खिचडी, मेतकूट-भात, भाजणीची थालीपिठं, असा बेत ठेवला की घासायला भांडी कमी पडतात. खाऱ्या पाण्यातून आल्यावर कोकम आगळाचं सरबत घेतलं आणि शेजारच्या आजोबांनाही पाजलं. त्यांनी ते शिष्टाचार म्हणून संपवलं.

आता पाण्यातलं. मालवणला किल्ल्याजवळ लाइफ जॅकेट घालून, गाइडच्या हाताला धरून स्नॉर्कलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं) केलेलं असेल तर इथला फरक नीट समजून घ्या. इथे हात धरायला आणि शिट्टी मारायला कोणी नाही.

पार्कमधल्याच टर्क्वॉइज बेच्या दोन बाजू आहेत. बे साइड म्हणजे संथ वाळूचं पाणी, सरावासाठी तेच. ड्रिफ्ट साइडला पाण्याला उत्तरेकडे ओढ असते. किनाऱ्याने दक्षिणेला तीनेकशे मीटर चालत जायचं, तिथून आत शिरायचं आणि मग अंग सैल सोडायचं. खालून प्रवाळ आपोआप सरकत जातं. वाळूचा दांडा यायच्या आधी मात्र बाहेर निघायलाच हवं. दांड्यापुढे तीच ओढ प्रवाळातल्या खिंडीतून खोल समुद्राकडे जाते. आम्ही किनाऱ्यावरची एक खूण आधीच ठरवली होती आणि ती दिसली की दोघांनी निमूट काठाकडे वळायचं, ‘अजून एकच मिनिट’ नाही. लाटा मोठ्या असतील तर ओढही वाढते. त्या दिवशी उतरूच नका.

ऑयस्टर स्टॅक्स माझं सगळ्यात आवडतं. इथे प्रवाळ काठापासून सुरू होतं आणि पृष्ठभागाच्या अगदी खाली असतं, त्यामुळे भरती १.२ मीटर किंवा जास्त असेल तरच उतरायचं. कमी पाण्यात पोट खरचटतं आणि आपल्या फिनने शंभर वर्षांचं काम मोडतं. भरतीच्या वेळा एक्समाउथ गावच्या बघू नका, गाव आखाताच्या बाजूला आहे आणि तिथलं पाणी वेगळ्या वेळेला चढतं. पार्कच्या मिलियरिंग इथल्या माहिती केंद्रात पश्चिम किनाऱ्याच्या वेळा लावलेल्या असतात; मास्क-फिन्सही तिथे भाड्याने मिळतात. खडक धारदार, पायात जुने बूट हवेत. पाण्यात डोकं घातलं की आधी आवाज येतो: कुरकुर, कुरकुर. पोपटमासे चोचीने प्रवाळ खरवडत असतात. मग खडकाच्या सावलीतून पिवळसर अंगावर उभ्या काळ्या पट्ट्यांच्या सर्जनफिशचा थवा निघाला, शेकड्यांनी, आणि आम्हाला न जुमानता आमच्या दोघांच्या मधून शेवाळ चरत गेला. नवऱ्याने कॅमेरा काढेपर्यंत शेवटची शेपटी उरली होती.

सकाळी वारा जमिनीकडून असतो आणि पाणी काचेसारखं, दुपारनंतर दक्षिणेचा वारा उठून सगळं गढूळ करतो. म्हणून भरती सकाळची असेल ते दिवस स्नॉर्कलिंगला, बाकीचे यार्डी क्रीकच्या घळीला. तिथे काळ्या बगलांचे रॉक वॉलबी (कांगारूचे छोटे भाईबंद) कड्यावर बसलेले असतात, दुर्बीण न्या. डांबरी रस्ता तिथेच संपतो. कॅरॅव्हॅन घेऊन क्रीक ओलांडायचा विचारही करू नका.

ऑनिंग, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या बाजूचं कापडी छत, रात्री गुंडाळूनच झोपा. आमच्या पलीकडच्या जोडप्याचं रात्रीच्या वाऱ्यात मोडून छपरावर जाऊन पडलं, आणि सुटा भाग एक्समाउथमध्ये मिळाला नाही. पोटाला आणि मानेला ऊन लागू नये म्हणून लांब बाह्यांचा रॅश व्हेस्ट (पाण्यात घालायचा घट्ट शर्ट) घाला, म्हणजे क्रीमही कमी लागतं आणि पाण्यातही कमी जातं. परतीला वेळ असेल तर कार्नार्व्हनच्या उत्तरेला क्वोब्बाचे ब्लोहोल्स (लाटेचं पाणी उसळतं ती खडकातली भोकं) बघा, पण खडकाच्या कडेपासून लांबून. राक्षसी लाटा जीव घेतात अशी पाटी तिथे आहे. पुढच्या खेपेला आम्ही मे महिना धरतोय, व्हेल शार्कसाठी. १८० दिवसांचा हिशेब म्हणजे बुकिंग नोव्हेंबरात.