पावसाच्या वहीचे आलेख

माझे वडील कोकणातल्या आमच्या घराच्या अंगणात ठेवलेल्या पर्जन्यमापकातले पाणी रोज सकाळी साडेआठ वाजता मोजतात आणि मिलिमीटरचा आकडा वहीत तारखेसमोर लिहितात. हवामान खात्याची चोवीस तासांची मोजणीही साडेआठलाच संपत असल्यामुळे त्यांनी ही वेळ कटाक्षाने पाळली आहे. या वहीचे आलेख मी पूर्वी स्प्रेडशीटमध्ये काढत असे. आता ते ग्नूप्लॉट या कमांड लाइनवरच्या, म्हणजे आज्ञा टंकून चालवायच्या, साधनाने काढतो, कारण आलेख काढताना केलेली प्रत्येक निवड तिथे एका साध्या मजकूर-फाइलमध्ये ओळीने लिहिलेली राहते आणि वर्षभरानंतरही ती वाचून तपासता येते. (थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी १९८६मध्ये हे साधन तयार केले. नावात ग्नू असले तरी त्या नावाच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाशी त्याचा संबंध नाही.)

रेघ ओढण्याआधीचे काम आकडे स्वच्छ करण्याचे असते. वही टंकित करताना घरातल्या कोणी देवनागरी अंक वापरले, कोणी इंग्रजी. ग्नूप्लॉटला देवनागरी अंक आकडा म्हणून वाचता येत नाहीत, म्हणून मजकुरात अदलाबदल करणाऱ्या सेड या आज्ञेच्या एका ओळीने दहाही अंक बदलून घेतले. ओळी क्रमाने लावणारी सॉर्ट आणि सारख्या ओळी हेरणारी युनिक या दोन आज्ञा एकापुढे एक जोडल्यावर दोनदा लिहिल्या गेलेल्या तारखा सापडल्या, आणि रकान्यांतले आकडे तपासणाऱ्या ऑकने ऋण किंवा अशक्य वाटणारे आकडे वेगळे काढून दिले. या कामाला एक संध्याकाळ पुरली.

तारखेचा प्रश्न मात्र मला बराच काळ अडवून बसला. १२ तारखेच्या सकाळी मोजलेले पाणी बहुतांशी ११ तारखेला पडलेले असते, पण वहीत ते १२ तारखेसमोर असते. २००५मध्ये मुंबईत सांताक्रूझला नोंदलेला ९४४ मिलिमीटर पाऊस आपण सगळे २६ जुलैचा म्हणून ओळखतो. प्रत्यक्षात ती मोजणी २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांची आहे. नोंदीच्या तारखेवरच स्तंभ उभा केला तर तो लोकांच्या आठवणीतल्या दिवसाच्या पुढे सरकलेला दिसतो. ग्नूप्लॉट वेळ सेकंदांत मोजते, त्यामुळे नोंदीच्या क्षणातून ४३,२०० सेकंद, म्हणजे अर्धा दिवस वजा केला की स्तंभ ज्या चोवीस तासांचे पाणी दाखवतो त्यांच्या बरोबर मध्यावर उभा राहतो.

त्याहून नाजूक गोष्ट न झालेल्या नोंदींची. स्तंभालेखात शून्य पाऊस आणि नोंदच नसलेला दिवस हे अगदी सारखे दिसतात, कारण दोन्ही ठिकाणी काहीच उभे नसते. ही फसगत मला अतिशय गंभीर वाटते, कारण वाचणारा भर आषाढातला तो दिवस कोरडा गेला असे समजून पुढे जातो. म्हणून नोंद नसलेल्या दिवसांची मी वेगळी यादी ठेवतो आणि तिथे आडव्या अक्षावर राखाडी फुली काढतो. वडील परगावी गेले आणि दोन दिवसांचे पाणी एकदम मोजले गेले, तर तो सगळा आकडा एकाच दिवसाच्या नावावर टाकणेही चूकच. ग्नूप्लॉटमध्ये प्रत्येक स्तंभाची रुंदी तिसऱ्या रकान्यात देता येते. तेव्हा अशा नोंदीला १,७२,८०० सेकंदांची रुंदी आणि निम्मी उंची दिली, की स्तंभाचे क्षेत्रफळ दोन दिवसांच्या पावसाइतकेच राहते आणि तो रुंद ठोकळा पाहताच ही जोडनोंद आहे हे कळते.

दैनंदिन पावसाचे ठिपके गुळगुळीत वक्ररेषेने जोडण्याचा मोह मी टाळतो. मुसळधार दिवसाच्या शेजारी कोरडा दिवस आला की ती वक्ररेषा शून्याखाली उतरते, आणि ऋण पाऊस कुठेच पडत नसतो. हंगामाची एकूण बेरीज दाखवणारी चढती रेषा मात्र फार बोलकी ठरते. तिच्यात चालू वर्ष गडद निळे आणि आधीची सगळी वर्षे फिकट राखाडी ठेवली, आणि वर्षाचा आकडा कोपऱ्यातल्या चौकटीऐवजी रेषेच्या टोकालाच लिहिला, की नजरेला इकडून तिकडे धावावे लागत नाही. दोन ठिकाणे शेजारीशेजारी मांडताना उभ्या अक्षाची मर्यादा दोन्हीकडे एकच हवी. त्याच २००५च्या दिवशी कुलाब्याला जेमतेम पाऊणशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. मर्यादा आपोआप ठरू दिली, तर दोन्ही आलेखांत सारखाच उंच स्तंभ दिसेल आणि सगळा अर्थच हरवेल.

आडव्या अक्षावर मी महिन्यांऐवजी नक्षत्रे लिहितो. घरात पावसाचा हिशेब मृग किती, आर्द्रा किती, तरणा (पुनर्वसू) किती, म्हातारा (पुष्य) किती असाच होतो, आणि सुमारे चौदा दिवसांचे हे तुकडे महिन्यापेक्षा पावसाची चाल अधिक बारकाईने दाखवतात. अक्षावरच्या खुणा आपल्या शब्दांत देण्याची सोय ग्नूप्लॉटमध्ये आहेच. अडचण आली ती जोडाक्षरांची. ग्नूप्लॉटमध्ये चित्र कोणत्या प्रकारे उमटवायचे ते ठरवणाऱ्या भागाला टर्मिनल म्हणतात. त्यातल्या साध्या पीएनजी टर्मिनलमध्ये ‘आर्द्रा’ माझ्याकडे फुटून उमटत होते. पीएनजीकैरो टर्मिनल निवडून देवनागरी फॉन्टचे नाव दिल्यावर ते नीट जुळले. ६४.५ आणि ११५.६ मिलिमीटरवर दोन बारीक आडव्या रेघाही आहेत, कारण हवामान खात्याच्या वर्गवारीत तिथून अनुक्रमे जोरदार आणि अतिजोरदार पाऊस सुरू होतो.

गेल्या हंगामाचा आलेख छापून मी वडिलांना दिला, तेव्हा त्यांनी चष्मा लावून आधी त्या राखाडी फुल्या मोजल्या. पुष्यातल्या एका फुलीवर बोट ठेवून ते म्हणाले, “हा दिवस आहे माझ्याकडे. वही सापडली नाही म्हणून कॅलेंडरच्या मागे लिहिला होता.” त्यांनी कॅलेंडर काढून आकडा वाचला, मी फाइलमध्ये एक ओळ वाढवली, न झालेल्या नोंदींच्या यादीतून ती तारीख काढली आणि आज्ञा पुन्हा दिली. फुलीच्या जागी अतिजोरदारच्या रेघेला जवळजवळ टेकलेला स्तंभ उभा राहिला.