आधी सरी मोजा, मग एचपी विचारा

बेळगावात जा, निपाणीत जा, नाहीतर अथणीत, शोरूमच्या दारात पहिला प्रश्न ठरलेला: "किती एचपीचा बघताय?" मिनी ट्रॅक्टर घेणाऱ्याने हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्यावा. मोठ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत ताकद बघून घेणं चालून जातं, कारण तो मोकळ्या रानात फिरतो. मिनी उभ्या पिकात जातो, आणि तिथं एचपीपेक्षा इंच महत्त्वाचे असतात.

म्हणून सुरुवात टेपने करा. उसात एका ओळीच्या मध्यापासून दुसऱ्या ओळीच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. त्यातून फुटव्यांची जागा वजा करा. लावणीनंतर दीड-दोन महिन्यांत फुटवे दोन्ही बाजूंनी मिळून आठ-दहा इंच तरी खातात. चार फुटी सरी म्हणजे ४८ इंच. हातात राहतात ३८-४०. आता ट्रॅक्टरची रुंदी. माहितीपत्रकात जो आकडा छापतात तो बहुधा 'ट्रॅक'चा असतो, म्हणजे एका मागच्या टायरच्या मध्यापासून दुसऱ्या टायरच्या मध्यापर्यंत. बाहेरची रुंदी काढायची तर त्यात एका टायरची रुंदी मिळवावी लागते. २८ इंची ट्रॅक आणि ८.३-२० चा (म्हणजे ८.३ इंच रुंद) टायर असेल, तर बाहेरून बाहेर ३६ इंचांच्या वर जातं. ३८ इंचांच्या गाळ्यात हा बसतो, पण चालवणाऱ्याचा हात जरा हलला की फुटवा गेला. साडेचार फुटी सरीत निवांत चालतो, पाच फुटीत प्रश्नच नाही. तीन फुटी सरीत कुठलाच मिनी नीट जात नाही. तिथं पॉवर वीडर किंवा बैलच. निपाणी भागातल्या तंबाखूलाही हेच लागू: ओळी तीन फुटांच्या आसपास आणि आडवी-उभी कोळपणी, त्यामुळे मिनीचा उपयोग लावणीआधीच्या मशागतीपुरताच.

म्हणजे खरा निर्णय ट्रॅक्टर घ्यायच्या आधीच्या हंगामात होतो. पुढची लावण साडेचार-पाच फुटांवर किंवा जोडओळ पट्ट्याने (दोन ओळी जवळ, मग रुंद मोकळा पट्टा) करणार असाल तर मिनी घ्या. खोडवा अजून दोन वर्षं तीन फुटांवरच ठेवायचा असेल तर थांबा.

भरणीचा, म्हणजे उसाच्या बुडाला माती लावण्याचा, हिशोब वेगळा धरा. बाळभरणीला ऊस कमरेखाली असतो, कुठलाही अरुंद ट्रॅक्टर चालतो. मोठी भरणी साधारण चार महिन्यांच्या सुमारास येते, तेव्हा पानं एकमेकांत गुंतलेली असतात. ती जाळीवर अडकतात आणि रेडिएटर तापतो. अशा वेळी बॉनेट बुटका, मडगार्ड गोल कडांचे आणि समोरची जाळी हाताने पटकन काढता येईल अशी असावी. शोरूममध्ये ती स्वतः काढून बघा. पाना लागत असेल तर तुमचा गडी ती रोज काढणार नाही, हे धरून चाला. खोडव्याच्या पाचटात तर ती दर दोन तासांनी झटकावी लागते.

आता एचपी. इंजिनाची ताकद आणि पीटीओची, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्याची, ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधारण ८५ टक्केच पीटीओपर्यंत पोचते, म्हणजे २० एचपीच्या इंजिनाला मागे १७. रोटाव्हेटरला (फिरत्या पात्यांनी माती फोडणारं अवजार, बोलण्यात नुसता रोटर) दर फुटी इंजिनाचे सात-आठ एचपी धरा, काळ्या रानात आठच. त्यामुळे १५ एचपीला दोन फुटी, २०-२२ ला तीन फुटी आणि २७-२८ ला साडेतीन, फार तर हलक्या जमिनीत चार फुटी. दुकानदार १८ एचपीला चार फुटी रोटर जोडून देतो, कारण बिल मोठं होतं. मग चालवणारा खोली कमी करतो, रोटर वरवर खरवडतो आणि पाती झिजतात ती वेगळीच.

रोटर किमान टायरच्या बाहेरच्या रुंदीएवढा असावा, नाहीतर चाकांची वाट दाबलेलीच राहते. सरीत मात्र तो गाळ्यापेक्षा अरुंद हवा. या दोन अटी एका रोटरने पुऱ्या होत नसतील तर बाजूला सरकवता येणारा रोटर घ्या.

सिलिंडरचं थोडक्यात सांगतो. महिंद्राचा युवराज २१५ हा १५ एचपीचा, एका सिलिंडरचा; जिवो २४५ हा २४ एचपी आणि दोन सिलिंडर; कुबोटाचा निओस्टार ए२११ हा २१ एचपी आणि तीन सिलिंडर. एक सिलिंडर म्हणजे स्वस्त, गावातला मिस्त्रीही उघडू शकतो, पण दिवसभर बसलं की हादरा अंगात शिरतो. तीन सिलिंडर शांत आणि एकसारखा ओढतो, पण त्याच्या कामाला कंपनीचाच माणूस लागतो. दिवसाला तीन-चार तासच काम असेल तर एका सिलिंडरला नावं ठेवायचं कारण नाही.

फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारं, घ्यायचं का, याचं उत्तर तालुक्यागणिक बदलतं. खानापूर आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडे, जिथं पाऊस भरपूर आणि भाताची खाचरं लहान, तिथं फोर व्हीलचे पैसे वसूल होतात. चिखलणीला सात-आठशे किलोचा फोर व्हील मिनी जसा तरंगत जातो, तसा दोन टनांचा मोठा ट्रॅक्टर जात नाही. तो खाली बसतो आणि खाचराचा तळ फोडतो. मग पाणी टिकत नाही. येळ्ळूर, शहापूर, वडगाव शिवारातल्या काळ्या, चिकट भात जमिनीतही हेच. उलट चिकोडी-अथणीकडे कोरड्या रानात नुसती कोळपणी आणि फवारणी करायची असेल, तर टू व्हील पुरतो आणि वळतोही आखूड.

फोर व्हीलची दुखणी पुढच्या एक्सलमधून सुरू होतात. चिखलणीत हबच्या सीलमधून चिखलपाणी आत शिरतं. भाताचा हंगाम संपला की पुढच्या हबचं थोडं ऑइल काढून बघा. ते दुधाळ, चहाच्या रंगाचं निघालं तर पाणी गेलेलं आहे. सील बदला आणि ऑइलही पूर्ण बदला. दुसरं, डांबरी रस्त्यावर फोर व्हीलचा दांडा सोडवलेला असलाच पाहिजे. पुढची चाकं मुद्दाम किंचित वेगाने फिरतील अशी रचना असते. मातीत तो फरक घसरून जिरतो, डांबरावर जिरत नाही, तो टायर आणि गिअरवर येतो. याच कारणाने नुसते पुढचे टायर वेगळ्या मापाचे टाकू नयेत.

क्लच बघून घ्या. एकेरी क्लच असेल तर वळताना पाय दाबला की रोटरही थांबतो, आणि पाचटात थांबलेला रोटर परत सुरू करताना गुंडाळा बसतो. डबल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असेल तर ट्रॅक्टर थांबतो, रोटर फिरत राहतो. फवारणीवाल्यांना तर हे हवंच. अथणी तालुक्यातल्या द्राक्षबागायतदारांनी याशिवाय मांडवाची उंची मोजावी. सायलेन्सर उभा असेल तर तो तारांना आणि घडांना लागतो. आडवा, खालून जाणारा घ्या.

लिफ्टचा, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या यंत्रणेचा, आकडा फसवा असतो. ७५० किलो लिहिलेलं असतं ते खालच्या लिंकच्या (अवजार धरणाऱ्या दांड्यांच्या) टोकाशी. अवजाराचं वजन तिथून दीड-दोन फूट मागे असतं, तिथं उचल बरीच कमी भरते. शिवाय लिफ्टने उचललं तरी पुढचं तोंड वर आलं तर स्टिअरिंग लागत नाही. अवजार उचलल्यावर ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान वीस टक्के भार पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे. कमी पडला तर पुढे वजनं लावा. जुनी अवजारं वापरायची असतील तर पिना मोजा. मिनीची खालची पिन २२ मिलिमीटरची असते, मोठ्या ट्रॅक्टरच्या अवजारांना बहुधा २८. बुश न घालता तशीच जोडली तर छिद्र लांबट होतं आणि नांगर सरळ चालत नाही.

आणि हो, नांगर. उन्हाळ्यात तापलेल्या काळ्या रानात पलटी नांगर हे मिनीचं काम नव्हे, कितीही एचपी सांगोत. वर्षातून एकदा पन्नास एचपीवाला भाड्याने बोलवा. तसंच कारखान्याला ऊस नेणं. मिनीला दीड-दोन टनांची ट्रॉली शेण, खत, चारा यासाठी ठीक. त्यापुढे गेलं की उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते. जांबोटी, कणकुंबीकडच्या उतारांवर ब्रेक नसलेली ट्रॉली जोडूच नका. अरुंद ट्रॅक्टर बांध चढताना उलटतोही लवकर. आंतरमशागत संपली की रिम उलटे करून ट्रॅक रुंद करावा. हा अर्ध्या दिवसाचा उद्योग बहुतेक जण टाळतात.

पैशाचं गणित कागदावर मांडा. समजा किंमत साडेपाच लाख आणि आठ वर्षांनी दोन लाखाला गेला, तर घट वर्षाला ४३,७५० रुपये. दहा टक्क्यांनी सरासरी गुंतवणुकीवर व्याज ३७,५००. विमा, सर्व्हिस, टायर मिळून २५,००० धरा. झाले १,०६,२५०. वर्षाला २५० तास चालला तर तासाला ४२५, त्यात तीन लिटर डिझेल लिटरमागे ९० रुपयांनी, म्हणजे २७०. एकूण ६९५, चालकाची मजुरी सोडून. तोच ५०० तास चालला तर ४८० च्या आसपास. हा आकडा गावातल्या भाड्याशी ताडून बघा. स्वतःची चार एकर आणि दुसऱ्याकडे काम करायची तयारी नाही, असं असेल तर बहुतेकदा भाडंच स्वस्त पडतं.

कोटेशन घेताना २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, हे लक्षात ठेवा. ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा १८ वरून ५ वर आला. अनुदान हवं असेल तर आधी रयत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या कार्यालयात) जा, मग शोरूममध्ये. मंजुरीआधी बिल फाडलं की अनुदान गेलं. फ्रुट्स (कर्नाटक सरकारची शेतकरी नोंदणी) लागते, आणि आपल्याकडे अडकतं ते नावात: उताऱ्यावर कन्नडमध्ये चढलेलं नाव, आधारवरचं इंग्रजी नाव आणि बँकेतलं नाव यांत आडनावाचं एक अक्षर जरी वेगळं असलं तरी जोडणी अडते. हे दुरुस्त करायला ट्रॅक्टर निवडण्यापेक्षा जास्त दिवस लागतात, तेव्हा ते आधी हाती घ्या. जमीन कर्नाटकात असेल तर महाराष्ट्राच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून उपयोग नाही.

कोल्हापूर, सांगलीकडचा जुना ट्रॅक्टर स्वस्त दिसतो. घ्यायला हरकत नाही, पण मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५, नावावर करायला २९ आणि ३०. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचा तर इथला नंबर घ्यावा लागतो, बेळगावला केए-२२, चिकोडीला केए-२३. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते. ती आहे का, हे विचारायचं बहुतेक जण विसरतात.

डेमो शोरूमच्या अंगणात घेऊ नका. तुमच्या सगळ्यात वाईट तुकड्यात, तुमच्याच रोटरने, तासभर चालवायला सांगा. मीटरवर ५४० पीटीओची खूण असते, म्हणजे इंजिनाच्या ज्या वेगाला पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो तो वेग. कामाच्या खोलीवर इंजिन त्या खुणेच्या फार खाली गेलं आणि काळा धूर आला, तर जोडी चुकली. शेवटी अवजार उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. तेवढ्यात ते हातभर खाली आलं, तर लिफ्ट गळतीची आहे. नव्या ट्रॅक्टरलाही ही तपासणी सोडू नका. पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांना असते. त्या वेळी निघालेल्या ऑइलमध्ये धातूचा बारीक कीस दिसणं नेहमीचं, पण तुकडे दिसले तर तिथल्या तिथे जॉबकार्डवर लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा.