रक्ताची फ्रेंच, शेजारची तेलुगू

भाषांच्या वंशावळीत पाहिले तर मराठीचे रक्ताचे नाते फ्रेंचशी आहे, तेलुगूशी नाही, हे तेलंगणाच्या सीमेलगतच्या देगलूर-बिलोलीकडच्या माणसाला सांगितले तर तो चेष्टा समजतो. पण गोष्ट खरी आहे. फ्रेंच लॅटिनमधून उतरली, मराठी संस्कृत-प्राकृतातून, आणि दोन्ही शाखा इंडो-युरोपीय कुळातल्या. तेलुगू मात्र द्राविडी कुळातली. संस्कृतातील त्रि, सप्त, दश यांच्याशेजारी फ्रेंचमधील त्र्वा, सेत, दीस ठेवले की भाऊबंदकी लगेच उघड होते. तेलुगूतील मूडु, एडु, पदि त्या पंगतीत कुठेच बसत नाहीत.

माझ्या भाचीने अकरावीला फ्रेंच घेतली (आपल्याकडे हा विषय भरघोस गुण देणारा म्हणून घेतला जातो, भाषेच्या ओढीने क्वचितच), आणि तिच्या निमित्ताने मीही ते पुस्तक चाळू लागलो. तेलुगू लहानपणापासून कानावर पडलेली होतीच. दोन्ही भाषा अशा एकत्र आल्या तेव्हा लक्षात आले की नात्याने जवळची असलेली फ्रेंच वाक्याच्या घडणीत परकी आहे आणि नात्याने लांबची तेलुगू जवळजवळ आपल्यासारखेच वाक्य बांधते.

क्रियापद शेवटी येणे ही त्यातली वरवरची गोष्ट झाली. खरी गंमत त्याच्या आत आहे. "पाऊस येईल म्हणून थांबलो" हे वाक्य तेलुगूत "वर्षं वस्तुंदनि आगानु" असे होते. त्यातील "वस्तुंदि"ला चिकटलेला "अनि" हा म्हणण्याच्या क्रियापदापासून आला आहे, जसा आपला "म्हणून" आला. आणि नांदेडची दखनी उर्दू बोलणारा माणूसही त्याच जागी "बोलके" वापरतो. तीन भाषा, त्यांतील दोन एका कुळातल्या व एक दुसऱ्यातली, आणि तरी कारण सांगण्याची रीत एकच. फ्रेंच येथे जोडशब्द आधी ठेवते आणि उरलेले वाक्य त्याच्यामागून आणते.

तसेच मालकीचे. "मला दोन मुले आहेत" यासाठी तेलुगू माणूस "नाकु इद्दरु पिल्ललु उन्नारु" म्हणतो, म्हणजे शब्दाला शब्द आपलेच वाक्य. फ्रेंचमध्ये त्यासाठी जवळ बाळगण्याचे स्वतंत्र क्रियापद लागते, आणि वय सांगतानाही तेच वापरून वीस वर्षे आपल्याजवळ असल्याचे सांगावे लागते. "आपण" आणि "आम्ही" हा भेदही तेलुगूत "मनमु" आणि "मेमु" असा जसाच्या तसा आहे. "आपण जेवू" म्हटले तर पाहुण्याने हात धुवायचे, "आम्ही जेवू" म्हटले तर उठून निघायचे. फ्रेंचमध्ये दोन्हींना एकच सर्वनाम असल्यामुळे बिचाऱ्या पाहुण्याला प्रसंगावरूनच ताडावे लागेल.

शेजारी राहून भाषा एकमेकींसारख्या होतात, हे भाषावैज्ञानिक एम. बी. एमेनो यांनी भारताला एक "भाषिक क्षेत्र" ठरवणाऱ्या निबंधात १९५६ साली मांडले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य भाषेच्या आधारावर विभागले जाऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, हा योगायोग मला फार आवडतो.

क्रियापदांच्या प्रत्ययांत फ्रेंच आणि तेलुगू अगदी विरुद्ध टोकांना आहेत. फ्रेंचमध्ये "तो बोलतो" आणि "ते बोलतात" यांचे प्रत्यय लिहिताना वेगळे असतात, पण शेवटची अक्षरे मुकी असल्याने उच्चार एकच होतो. म्हणूनच तेथे सर्वनाम गाळता येत नाही आणि तेही पुष्कळदा कानाला सारखेच लागते. तेलुगूत प्रत्यय स्पष्ट उच्चारला जातो, त्यामुळे सर्वनाम खुशाल गाळावे. धर्माबादच्या मिरचीच्या बाजारात कोणी नुसते "वच्चिंदि" म्हटले तर पुरुष आलेला नाही एवढे नक्की कळते. मात्र मुलगी आली, म्हैस आली की मालाची लॉरी आली, हे विचारावे लागते, कारण तेलुगूत एकवचनी स्त्री आणि वस्तू यांचे क्रियापद एकच आहे. आदराने बोलायचे असेल तर "वच्चारु" म्हणून ही अडचण टळते. हा भेद स्त्रियांवर अन्याय करणारा आहे असे मला वाटते, पण शिकणाऱ्याच्या डोक्याला त्याचा ताप नाही. फ्रेंचमध्ये टेबल स्त्रीलिंगी आणि पुस्तक पुल्लिंगी का, याला अर्थातून काही उत्तर मिळत नाही. पाठच करावे लागते. अर्थात तीन लिंगे सांभाळणाऱ्या मराठी माणसाने याबद्दल तक्रार करू नये.

अंकांत तेलुगू सर्वांत सरळ: नव्वद आणि सात मिळून सत्त्याण्णव. फ्रेंचमध्ये तोच आकडा चार विसा, दहा, सात असा रचतात. विसांत मोजणारी आपल्याकडची जुनी माणसे यावर हसणार नाहीत. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधील फ्रेंच भाषकांनी मात्र सत्तर आणि नव्वदसाठी सुटसुटीत शब्द ठेवले आहेत.

प्रमाणभाषेचा इतिहासही दोन्हीकडे वेगळा आहे. फ्रेंचवर १६३५ साली स्थापन झालेल्या अकादमीची नजर आहे, आणि फ्रान्सच्या शाळांनी ब्रेतॉनसारख्या भाषा बोलणाऱ्या मुलांना एके काळी शिक्षाही केल्या. तेलुगूत भाषातज्ज्ञ गिडुगु राममूर्तींनी ग्रांथिक भाषेविरुद्ध बोलीभाषेचा पक्ष घेतला, आणि त्यांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, तेलुगू भाषा दिन म्हणून पाळला जातो. पण त्या लढ्यातून जी भाषा पुढे आली ती मुख्यतः किनारी आंध्रची. तेलंगणाची बोली पडद्यावर बराच काळ विनोदी पात्रांच्या वाट्याला आली. "काय करायलास" म्हटल्यावर पुण्यात ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर येणारे हसू ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तेव्हा तेलुगू शिकू पाहणाऱ्या नांदेडकराने "तो आला" यासाठी पुस्तकात "वच्चाडु" वाचावे, पण तोंडात "वच्चिंडु" बसवावे; बासर, बोधन, निजामाबाद येथे त्याला तेच ऐकू येणार आहे.