पिल्ले नेमके कोण नेते?

शहापूर तालुक्यातील एका पाड्यावर गेल्या मार्चमध्ये आमच्या संस्थेला बोलावणे आले. घारी कोंबडीची पिल्ले नेतात म्हणून एका शेतकऱ्याने मेलेल्या कोंबडीत कीटकनाशक घालून ती बांधावर ठेवायचे ठरवले होते, आणि घाबरून फोन केला होता तो त्यांच्याच पुतण्याने. असे आमिष घारीपुरते राहत नाही. कावळे, कुत्रे आणि जेथे उरली आहेत तेथे गिधाडेही त्याला बळी पडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा धाक मी मुद्दामच दाखवला नाही, कारण धाकाने आमिष बंद होत नाही, ते चोरून ठेवले जाते, असे माझे ठाम मत आहे.

"काका, पिल्ले कोणत्या वेळी गेली?" या प्रश्नाला "सगळी घारीनेच नेली, मॅडम," एवढेच उत्तर मिळाले. रोज संध्याकाळी पिल्ले मोजून खुराड्यात कोंडणाऱ्या काकू दाराशी उभ्या होत्या, पण त्यांना आजवर कोणी विचारलेच नव्हते. त्यांच्या हिशेबात अकरांपैकी चार पिल्ले दिवसाढवळ्या अंगणातून गेली होती आणि सात रात्रीतून. घार रात्री शिकार करत नाही. खुराड्यामागच्या कुडाला भोक होते व खालची माती उकरलेली होती. ते काम बहुधा घुशीचे असावे. डोळ्यांदेखत झडप घालणारी घार तेवढी लक्षात राहते, आणि अंधारातले नुकसानही तिच्याच नावावर जमा होते.

दिवसा गेलेल्या पिल्लांचे कारणही जवळच होते. चिकनच्या दुकानातील आतडी ओढ्याकाठी टाकली जात, आणि याच दिवसांत घरट्यात पिल्ले असल्यामुळे घारी त्या आयत्या अन्नावर घिरट्या घालत.

काकांशी पुष्कळ वेळ बोलल्यावर खरी अडचण कळली. तक्रार करूनही कोणी फिरकले नव्हते, आणि आपण हातावर हात धरून बसलेलो नाही, हे त्यांना भावकीला दाखवायचे होते. त्यामुळे उपायही चारचौघांना दिसेल असाच हवा होता. काका व पुतण्याने मासेमारीचे जुने जाळे अंगणावर ताणून बांधले, कुडाला पत्रा ठोकला, आणि पिल्ले महिनाभराची होईपर्यंत डालग्याखाली ठेवायचे काकूंनी ठरवले. जाळे पाहायला शेजारी आले, तेव्हा काकाच त्यांना रात्रीच्या चोराबद्दल सांगत होते. आतड्यांसाठी खड्डा खणण्याचा विषय मात्र ग्रामपंचायतीत अद्याप रखडला आहे. त्या बैठकीला पाड्यावरच्या बायकांनाही बोलवावे, असा आग्रह मी धरला आहे.