आमची वाटचाल : चाळीस खुर्च्या आणि एक तळघर

११ वर्षांपूर्वी मी आणि माझ्या मेहुण्याने शहराच्या जुन्या भागातली ही दगडी इमारत बारसाठी भाड्याने घेतली, तेव्हा तळमजल्यावर जेमतेम ४० माणसं बसतील एवढी जागा होती. आजही तेवढीच आहे. रात्री या गल्ल्यांत फिरायला येणारी मंडळी एका फेरीत तीन-चार बार करतात. आम्ही बहुतेकांचा दुसरा नाहीतर तिसरा थांबा. पहिला व्हायची फार हौस होती, आता राहिली नाही.

पहिलं वर्ष भिंतीने खाल्लं. ओल दिसली म्हणून आम्ही आतून सिमेंटचा गिलावा मारून घेतला. भिंत चुन्यात बांधलेली. तिच्यातली ओल चुन्यातूनच बाहेर पडून सुकते, ती वाट आम्ही बुजवली. मग ओल वर चढली, लोणा फुटला आणि गिलाव्याचे पापुद्रे टेबलांवर पडायला लागले. सगळं खरवडून परत चुन्याचा गिलावा केला. तेवढ्या पैशात दुसरी शाखा झाली असती, असं मेहुणा अजून ऐकवतो. खोटं नाही.

इमारतीच्या दर्शनी भागाला हात लावायची परवानगी नाही, त्यामुळे दिव्यांची पाटी बाद. आम्ही हाताने रंगवलेली चित्राची पाटी टांगली. इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्ड राजाने १३९३ साली दारू विकणाऱ्यांना बाहेर खूण टांगायची सक्ती केली होती, तपासनिसाला दुकान सापडावं म्हणून. आमच्याकडे तपासनीस पाटी न बघताही बरोबर येतात.

तळघराने मात्र सांभाळून घेतलं. जाड दगडामुळे ते उन्हाळ्यातही थंड असतं, थोडं यंत्राने खाली आणलं की ११ ते १३ अंश सहज मिळतात. पिंपातच मुरणाऱ्या एलला, म्हणजे बिअरच्या एका प्रकाराला, एवढंच तापमान लागतं. पण नुसत्या थंडाव्याने भागत नाही. सुरुवातीला नळातून अर्धा ग्लास फेसच यायचा आणि आम्ही गॅसच्या दाबाला दोष द्यायचो. तळघरातून वर येणारी नळी वाटेत गरम भटारखान्याला खेटून गेली होती. बिअर तापली की तिच्यातला वायू सुटतो, दुसरं काही नाही. नळी हलवली, फेस बसला. वायूवरून आठवलं : कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, गळती झाली तर जमिनीलगत साचतो. म्हणून सेन्सर गुडघ्याच्या उंचीवर आहे, आणि तो वाजत असेल तर कुणीही खाली उतरायचं नाही, मालकानेसुद्धा.

नव्या पोराला आम्ही आधी ग्लास बघायला शिकवतो. बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले, तर ग्लास नीट धुतलेला नाही. लिपस्टिकचा किंवा तेलाचा अंशही फेस मारतो.

खरी परीक्षा वरच्या मजल्यावरच्या आजींनी घेतली. संगीताचा आवाज कमी केला तरी त्यांची काठी जमिनीवर आपटायचीच. शेवटी एका रात्री त्यांनीच वर बोलावलं, "बस इथे आणि पायाला काय लागतंय ते बघ." गाणं ऐकूच येत नव्हतं, फक्त ढोलाचा ठोका तळव्यांत येत होता. आमचे दोन मोठे स्पीकर ज्या तुळयांना टांगले होते, त्यांच्यावरच आजींची जमीन होती. ते काढून सहा छोटे स्पीकर रबरावर, भिंतीपासून सुटे ठेवले. काठी थांबली. बाहेर रेंगाळणाऱ्यांवर असा उपाय सापडलेला नाही. बंद व्हायच्या अर्धा तास आधी लास्ट ऑर्डर घेतो, दिवे हळूहळू वाढवतो, आणि एक जण दारात उभा राहून लोकांना कोपऱ्यापर्यंत चालतं करतो.

तिसरा थांबा असल्याने माणूस आमच्याकडे येतो तोच अर्धा झालेला. पाण्याचा जग न मागता टेबलावर जातो. कॉफी पाजून कुणी शुद्धीवर येत नाही, त्याला वेळच लागतो, हे मी गिऱ्हाइकाशी कितीदा वाद घालून सांगितलंय. नाही म्हणावं लागतं तेव्हा धंदा जातो, जाऊ दे.

गेल्या वर्षी आठव्या नळावर बिनअल्कोहोलची बिअर लावली. गाडी चालवणाऱ्यांची सोय, आमची कटकट. जंतूंना आवरायला तिच्यात अल्कोहोलच नाही, त्यामुळे ती नळी बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा धुवावी लागते. ती पाळी सध्या मेहुण्याकडे आहे.