भायखळा रिटर्न

आज तेरा वर्षांची आमची लेक पहिल्यांदा एकटी लोकलने ठाण्याहून दादरला आजीकडे गेली. दोन महिने मागे लागली होती. रविवार, गर्दी कमी, म्हणून हो म्हटलं.

पाऊण तासाने आईचा फोन, "अगं, अजून आली नाही ही!" मी चपला घालून दारात. नवरा म्हणाला, "थांब जरा." (त्याच्या हातातला पेपर उलटा होता, ते सोडा.)

मग तिचा फोन. "आई, फास्ट गाडी होती, दादरला उतरताच आलं नाही. भायखळ्याला उतरले. तिकीट दादरपर्यंतचंच होतं ना, म्हणून खिडकीवर नवीन काढलं, पाच रुपयांचं. आता स्लो पकडते."

ओरडायला तोंड उघडलं होतं, पण ओरडणार कशावरून? भायखळ्याला तिकीट काढायचं तर मलाही सुचलं नसतं, मी तशीच परतीची गाडी पकडली असती.

दाराकडे दोन स्टेशनं आधीच सरकायचं, हे मात्र मीच सांगायला विसरले होते.

संध्याकाळी म्हटलं, "घ्यायला येते." तर म्हणे, "कशाला? आजीने थालीपीठ लावलंय, मी सातची पकडेन."

आता पावणेआठ झालेत. मी गॅलरीत झाडांना पाणी घालतेय. तिसऱ्यांदा.